पुरवणी

दुपारी दोन वाजता, अख्खं सयाजीगंज जेवून आडवं झालेलं असताना,
मी स्वयंपाकाला उभी राहते.
बांगड्या नाहीत, अंगठी नाही, नखाला रंग नाही.
कोपरापर्यंत धुतलेले हात
गाळलेल्या वाऱ्याच्या कपाटात घालते
आणि हैबतराव शिर्क्यांचं उद्यापर्यंतचं जेवण कालवते.

नळीतून पोटात जातं ते चारशे कॅलरी.
गरज अठराशेची.
त्याहून जास्त घातलं की पोट फुगतं, सगळं मागे येतं.
उरलेलं माझ्याकडे.
कागदावर डॉक्टर सप्लिमेंट लिहितात,
मला परीक्षेतली पुरवणी दिसते,
मूळ पेपरात न मावलेलं उत्तर
पांढऱ्या दोऱ्याने मागे बांधलेलं.

दांडिया बाजाराच्या मागच्या बोळात
या माणसाने चाळीस वर्षं मुलांना मल्लखांबावर चढवलं.
त्याच्या वहाणांनासुद्धा म्हणे एरंडेलाचा वास यायचा.
मग आतडं फाटलं, रक्तात विष भिनलं,
आणि तापलेलं शरीर चूल पेटती ठेवायला
घरातलंच लाकूड तोडू लागलं.
चरबीला हात लावण्याआधीच मांड्या. मग पोटऱ्या. मग खांदे.
मग श्वास ओढणाऱ्या बरगड्यांमधल्या पट्ट्या.
बावीस दिवसांत चाळीस वर्षं.

पहिल्या दिवशी मी मुद्दामच कमी वाढलं.
उपाशी राहिलेल्याला एकदम ताट भरून द्यायचं नसतं,
रक्तातला फॉस्फरस कोसळतो, हृदय बिचकतं.
आधी थायमिन, मग निम्मं, मग रोज थोडं थोडं.
कॅल्शियम आणि फॉस्फेट एका पंगतीला बसतात,
पण शेजारी बसवायचे नाहीत;
भाऊबंदकी आहे, दोघांचा मिळून खडा होतो.
एकाला आधी वाढायचं, दुसऱ्याला बऱ्याच उशिरा,
आणि मधे पिशवी हलवत राहायची.
तेल सर्वांत शेवटी.
मग सगळं पांढरं होतं, आणि आत काय काय आहे
ते मलाही दिसत नाही.

प्रमिलाबेन लिफ्टजवळच्या बाकावर बसलेल्या असतात,
मांडीवर तीन पुडांचा डबा. रोज आणतात, रोज परत नेतात.
एकदा मला पिशवी नेताना अडवून म्हणाल्या,
हे दूध कुठल्या डेरीचं?
दूध नाही काकू, सोयाबीनचं तेल, ऑलिव्हचं, थोडं मासळीचं.
मासळी?
आज गुरुवार आहे.
मला काही सुचलं नाही. म्हटलं,
शिरेला वार नसतो.
त्या खूप वेळ पिशवीकडे बघत राहिल्या. मग हळूच,
मीठ घातलंयस ना?
घातलंय.
आणि अंगी लागतंय का?

मी त्या माणसाचा चेहरा पाहिलेला नाही.
मी त्याला सोडियमवरून ओळखते,
साखरेवरून, ट्रायग्लिसराइडवरून,
लघवीतून किती नायट्रोजन वाहून गेला त्यावरून.
काल किती जळलं, किती टिकलं,
एवढीच आमची बोलचाल.
म्हटलं, बघू.
तेवढंच खरं होतं.

एकतिसाव्या दिवशी कागद आला: आजपासून अर्धी.
एका क्षणात दोन्ही शक्यता मनात येऊन गेल्या.
वर फोन लावला. जिज्ञासा सिस्टर म्हणाली,
नळीचं आता पचवतायत, बाराशे.
डोळे अजून उघडे-मिटेच.
पण सकाळी स्पंज करताना
पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट
चादरीच्या काठाला घट्ट धरून होतं,
सोडवता सुटेना.
हे काय असतं हो, मॅडम?

आढी, मी म्हटलं. माझा भाऊ शिकायचा.

मग फोन ठेवला,
पुन्हा कोपरापर्यंत हात धुतले.
अर्ध्या पिशवीलाही
पूर्ण पिशवीइतकाच वेळ लागतो.